फलकावर एक रकाना कमी आहे

मे २०२४मध्ये मी निवृत्त झाले. बोलावल्याशिवाय शाळेत जायचं नाही, एवढं तेव्हाच ठरवलं होतं. गेल्या महिन्यात बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, जिन्याच्या अंगाला जो गुणवंतांचा फलक आहे, तो भरला. १९७५पासून २०२४पर्यंत पन्नास ओळी झाल्या, खाली जागा उरली नाही. संस्थेला नवा, मोठा फलक करायचा आहे. जुनी नावं त्यावर उतरवायची आहेत आणि यादी तपासून द्यायला त्यांना "निकालाच्या बाई" हव्या होत्या.

हे नाव मला शाळेनंच दिलेलं. १९९१च्या जूनमध्ये मी गणित शिकवायला रुजू झाले, आणि पहिल्याच सहामाहीला नववीचा निकाल माझ्या हातात आला. तेव्हा निकालपत्रक म्हणजे टेबलभर पसरणारा कागद. एका बाजूला मुलांची नावं, वर विषय, प्रत्येक चौकटीत गुण, नापास गुणाखाली लाल शाईची रेघ. आडवी बेरीज करायची, मग उभी बेरीज करायची आणि दोन्ही बेरजा उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात येऊन एकमेकींना भेटल्या पाहिजेत. नाही भेटल्या तर घरी जायचं नाही. कितीतरी संध्याकाळी मी एका हरवलेल्या सातासाठी किंवा चुकून दोनदा धरलेल्या बारासाठी बसून काढल्या आहेत. पुढे संगणक आला, बेरजा आपोआप व्हायला लागल्या, पण कच्चा निकाल पक्का होण्याआधी माझ्या टेबलावरून जाणार हे ठरूनच गेलं होतं.

तर मी गेले. कपाटातून जुनी निकालपत्रकं काढली, धूळ झटकली आणि यादी करायला बसले. फलकावर तीन रकाने आहेत: वर्ष, नाव, शेकडा गुण. पहिलं वर्ष १९७५ आहे, कारण नव्या आकृतिबंधातली दहावीची बोर्डाची परीक्षा त्या वर्षापासून सुरू झाली. त्याआधी अकरावीला मॅट्रिक असायचं आणि त्या काळातल्या मुलांचा आमच्याकडे फलकच नाही. पहिल्या काही ओळींत शेकडा गुण सत्तरीत आहेत. मग ऐंशी, मग नव्वद, आणि शेवटच्या दहा-बारा ओळींत पंच्याण्णवच्या खाली कुणी नाही.

मधल्या सुट्टीत मुलं जिन्यावर बसतात. त्यांचं बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकलंय. "आयला, पहिला आला आणि चौऱ्याहत्तर टक्के?" मी थांबून सांगायचे की बाळांनो, हे आकडे एका मापाचे नाहीत. पण ते फलकावर कुठेच लिहिलेलं नाही. एकाच रकान्यात एकाखाली एक आकडे मांडले की वाचणारा त्यांची तुलना करणारच. रकान्याचा अर्थच तो. मी गणिताची शिक्षिका आहे, एकक न लिहिता उत्तर लिहिणाऱ्या मुलाचा मी अर्धा गुण कापत आले. आणि शाळेच्या सगळ्यात मानाच्या भिंतीवर पन्नास उत्तरं एककाशिवाय उभी आहेत.

एकेक सांगते.

२०१०पासून दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं. म्हणजे सहाही विषयांत उत्तीर्ण व्हायचं, पण टक्केवारी काढताना सगळ्यात कमी गुणांचा विषय बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या पाचांचे पाचशेपैकी गुण धरायचे. त्याविरुद्ध दुसऱ्या बोर्डांचे पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. तिथे निर्णय रद्द झाला आणि मग सर्वोच्च न्यायालयानं तो लागू करू दिला. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाची मुलं मागे पडू नयेत हा त्यामागचा हेतू मला पटला होता, आजही पटतो. पण फलकाचं काय झालं ते बघा. एका मुलीला सहाही विषयांत चौऱ्याण्णव मिळाले. एकूण ५६४, सहाशेपैकी ९४ टक्के, आणि पाचांचे धरले तरी ९४च. दुसऱ्या मुलाला पाच विषयांत पंच्याण्णव आणि सहाव्यात साठ. एकूण ५३५, म्हणजे सहाशेपैकी ८९.१७. पण पाचांचे ४७५, म्हणजे ९५ टक्के. फलकावर मुलगा. मी हे उदाहरण दरवर्षी शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर मांडत असे. मुलगा लबाड नाही, मुलीवर कुणी मुद्दाम अन्याय केला नाही. प्रवेशासाठी जे माप तयार केलं, ते मान देण्यासाठी जसंच्या तसं उचललं, एवढंच झालं. शाळेनं शाळेतला पहिला कोण हे ठरवताना सहा विषय धरायला कुणाची हरकत होती? कुणाचीच नाही. आम्ही ते कधी ठरवलंच नाही. ऑनलाइन निकालात जी टक्केवारी दिसली ती पेंटरला कळवली.

मग २०१९. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे वीस गुण, आपण ज्यांना तोंडीचे गुण म्हणतो ते, काढून घेतले आणि लेखी परीक्षा शंभरची केली. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी वीस गुण परत दिले आणि निकाल ९५.३० झाला. तीन वर्षं, एकच राज्य, तेच शिक्षक, साधारण तशीच मुलं. २०१९ची आमची पहिली मुलगी फलकावर आपल्या वरच्या आणि खालच्या ओळीपेक्षा कमी दिसते. खणखणीत मुलगी होती. मला विचाराल तर त्या तिघांत सगळ्यात जड आकडा तिचाच आहे.

२०२०ला तर भूगोलाचा पेपरच झाला नाही. टाळेबंदी लागली, पेपर रद्द झाला, सरासरीनं गुण दिले.

आणि २०२१. या वर्षाबद्दल मला जरा थांबून लिहायचंय, कारण त्या वर्षी निकाल 'लागला' नाही, तो आम्ही बसून तयार केला. परीक्षाच रद्द झाली. प्रत्येक शाळेत निकाल समिती नेमली, आमच्या समितीत मी होते. सूत्र असं होतं: नववीच्या अंतिम निकालाचे ५० गुण, दहावीतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३०, आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक यांचे २०. कागदावर हे नीट दिसतं. पण नववीचा तो निकाल तरी कुठला? आधीच्या एप्रिलमध्ये नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द झालेली. म्हणजे अर्ध्या दहावीचा पाया नववीच्या पहिल्या सत्रात. आणि नववीच्या सहामाहीला जीव तोडून अभ्यास कोण करतं?

माझ्या वर्गात एक मुलगा होता. नववीच्या सहामाहीच्या वेळी त्याला कावीळ झालेली. चार पेपर कसेबसे दिले, गुण पस्तिशीच्या आसपास. दहावीचं वर्षभर तो मोबाईलवरच्या तासाला कधी चुकला नाही. गच्चीवर नेटवर्क येतं म्हणून उन्हात बसायचा आणि वहीचे फोटो पाठवायचा. प्रमेयाची सिद्धता मी एका पद्धतीनं सांगितली तर तो दुसऱ्या पद्धतीनं करून पाठवायचा. आम्ही समितीत त्याचे गुण भरले. तीसपैकी सत्तावीस, वीसपैकी वीस, आणि नववीकडून आलेल्या पन्नासांत एकोणीस. त्या एकोणिसाला आम्ही हात लावू शकत नव्हतो आणि लावायलाही नको होता, कारण एकासाठी लावला असता तर सगळ्यांसाठी लावावा लागला असता. राज्याचा निकाल त्या वर्षी ९९.९५ टक्के लागला. बाहेर लोक म्हणाले, सगळ्यांना फुकट मार्क वाटले. त्या मुलाला कुणी काही वाटलं नव्हतं. फलकावर २०२१समोर ज्या मुलीचं नाव आहे तीही हुशारच, पण ती पहिली आली ती प्रामुख्यानं नववीच्या पहिल्या सत्रात. हे लिहायला नको?

वाढीव गुणांचंही असंच. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी असेल तर सात गुण, ब असेल तर पाच, क असेल तर तीन. खेळाडूंना वेगळे, लोककलेला वेगळे. ते द्यायलाच हवेत, मी त्यांच्या बाजूची आहे. आमच्या कबड्डीच्या मुली पहाटे पाचला मैदानावर असायच्या. पण मग कबड्डीचे गुण कबड्डीचे म्हणून सांगा ना. गणित, मराठी, इतिहासाच्या बेरजेत ते मिसळले की कबड्डीही दिसत नाही आणि गणितही धूसर होतं. शंभर टक्के मिळवणाऱ्या मुलांची बातमी दरवर्षी येते, आणि भाषेत शंभरपैकी शंभर कसे मिळाले यावर लोक वाद घालत बसतात. कुठल्या गुणांनी शंभर झाले हे बातमीत शेवटी एका ओळीत असतं.

जुन्या लोकांना हे कळत होतं असं मला वाटतं. मॅट्रिकला संस्कृतात सर्वोत्तम ठरणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळायची. चिंतामणराव देशमुखांना १९१२ साली ती मिळाली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, अर्थमंत्री झाले, तरी त्यांच्या चरित्रात 'शंकरशेट स्कॉलर' हे दोन शब्द राहिले. ऐकणाऱ्याला लगेच कळतं, कशात. मान कशाबद्दलचा आहे हे त्या मानाच्या नावातच आहे. आपल्या 'गुणवंत' शब्दात ते नाही.

मी स्वतः १९८२ला दहावी झाले. गुणवत्ता यादीचे दिवस होते ते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचं पान त्या मुलांच्या फोटोंनी भरलेलं असायचं, चष्मा लावलेली, पेढा खाणारी मुलं आणि बाजूला आईवडील. 'बोर्डात आला' हे दोन शब्द माणसाला आयुष्यभर चिकटायचे. आमच्या गल्लीतला एक मुलगा बोर्डात आला होता आणि पन्नाशीतही त्याची ओळख तशीच करून द्यायचे. पुढे मंडळानं ती यादी जाहीर करणं बंद केलं, ते योग्यच केलं. एका गुणाच्या फरकानं यादीत येणारा आणि यादीबाहेर राहणारा यांच्यात खरंच काय फरक असतो, हे निकालपत्रक भरणाऱ्या माणसाला चांगलं माहीत असतं. पण यादी बंद झाली तरी शाळाशाळांतले फलक राहिले. आणि एका गुणाच्या त्या फरकाशी माझा स्वतःचा एक हिशेब आहे, तो मिटवल्याशिवाय मला ही यादी पूर्ण करता येणार नव्हती.

२००३ची गोष्ट. मी दहावी अची वर्गशिक्षक होते. निकाल लागला, एक मुलगा पहिला, एक मुलगी एका गुणानं दुसरी. मुलीनं मराठीच्या पेपरसाठी गुणपडताळणीचा अर्ज केला. तिच्या आईनंच करायला लावला होता. आई शिवणकाम करायची, पोरीच्या वह्या चाळायची, आणि मराठीत एवढे कमी पडणारच नाहीत या गोष्टीवर ती अडून होती. ऑगस्ट उजाडला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सत्कार असतो म्हणून पेंटर आधीच येऊन मुलाचं नाव लिहून गेला. सत्कार झाला. त्यानंतर आठवड्याभरात पडताळणीचा निकाल आला. मराठीचे सहा गुण वाढले. मुलगी पाच गुणांनी पहिली.

जुनं गुणपत्रक जमा करून तिला नवं मिळालं. नव्या गुणपत्रकावर पडताळणीचा शिक्का वगैरे काही नसतो. ते गुण तिचे, पहिल्यापासूनच होते. शाळेच्या रजिस्टरमध्ये मी स्वतः दुरुस्ती केली, जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर नवा आकडा, बाजूला सही. सगळीकडे दुरुस्ती झाली. फक्त फलकावर झाली नाही.

आई शाळेत आली. ती माझ्याशीच बोलली, मुख्याध्यापकांकडे गेली नाही. म्हणाली, "बाई, पोरीचं नाव तिथं लागलं पाहिजे." मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, एकदा लिहिलेलं नाव पुसलं तर त्या मुलाच्या घरच्यांना काय वाटेल, आणि दोन नावं लिहायला ओळ कुठे आहे. त्यांच्या म्हणण्यातला पहिला भाग खरा होता. दुसऱ्या भागाला उत्तर होतं, ते मी दिलं नाही. उलट आईकडे येऊन मी म्हणाले, "अहो, फलकाचं काय एवढं. मार्क तर वाढले ना?" तिनं माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि गेली. उभी आणि आडवी बेरीज जुळेना तर घरी न जाणारी मी, त्या दिवशी वेळेवर घरी गेले.

त्यानंतर एकवीस वर्षं रोज दोनदा त्या फलकासमोरून मी गेले आहे.

त्या मुलीसारखी एकच, असं मात्र नाही. फलकावर ज्यांची नावं कधी येणारच नव्हती, त्यांचा विचार केला की मला प्रगतीपुस्तकं आठवतात. पूर्वी प्रगतीपुस्तकात 'वर्गातील क्रमांक' असा रकाना असायचा. साठ मुलांच्या वर्गात त्रेपन्नावा क्रमांक घेऊन घरी जाणाऱ्या मुलाला त्या आकड्यानं काय सांगितलं? बावन्न जण पुढे आहेत, एवढंच. तो गणितात अठ्ठावीसवरून एक्केचाळीसवर आला हे त्या रकान्याला सांगता येत नाही. मी शेऱ्याच्या जागेत ते लिहायचे: 'सहामाहीपेक्षा तेरा गुण अधिक. अपूर्णांक आता येतात. बैजिक राशींत चिन्हं चुकतात.' सहकारी म्हणायचे, एवढं लिहायला वेळ कुठून आणता. पण 'प्रगती समाधानकारक' हा शेरा साठ वेळा लिहायलाही वेळ लागतोच.

२०१०नंतर पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, श्रेणी आल्या. ९१च्या पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, अशी उतरत जाणारी यादी. वर्णनात्मक नोंदी आल्या. मला आनंद झाला होता, माझ्या शेऱ्यांना आता सरकारी जागा मिळाली असं वाटलं. प्रत्यक्षात नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली आणि त्यातली वाक्यं उतरवली जाऊ लागली. मग ब-२ घेऊन आठवीतून आलेलं मूल नववीच्या पहिल्या चाचणीत वीसपैकी सहा गुण बघतं आणि पालक धावत येतात, "बाई, आतापर्यंत तर चांगलं चाललं होतं." चांगलं चाललं होतं की नाही, हे त्यांना आठ वर्षांत कुणी नेमकं सांगितलंच नव्हतं. गुण असोत की श्रेणी, त्यात काय धरलं आणि काय धरलं नाही हे सांगणारा माणूस समोर बसला नाही तर दोन्ही सारखेच मुके.

असो. यादीकडे येते. मी संस्थेला दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, नव्या फलकावर चौथा रकाना हवा, 'कशावर आधारित'. सहा विषय की पाच, तोंडीसह की लेखीवर, २०२१समोर 'परीक्षा झाली नाही' असं स्पष्ट. बैठकीत दीड तास चर्चा झाली. रकान्याला त्यांनी नकार दिला, फलक किचकट दिसेल म्हणाले. मात्र खाली बारीक अक्षरांत पाच ओळींची टीप देऊ, असं ठरलं. टीप मीच लिहिली आहे. मला रकानाच हवा होता आणि मी पुन्हा मागणार आहे. मुलं जिन्यावर बसतात तिथून बारीक अक्षरं दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट, २००३समोर दोन नावं. आधी मुलीचं, तिच्या दुरुस्त गुणांसह, खाली मुलाचं त्याच्या गुणांसह. यावर चर्चा झाली नाही. मी रजिस्टर उघडून ठेवलं, रेघ आणि सही दाखवली, आताचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, यात विचारायचं काय?" इतकं सोपं होतं ते.

काल संध्याकाळी मी त्या मुलीला फोन केला. आता ती पुण्यात अभियंता आहे, तिचा मुलगाच सातवीत आहे. सांगितल्यावर ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, आई इथेच आहे. तिला तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. त्या दिवशी जे बोलले ते चुकीचं होतं, हेही सांगितलं. पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला. अजून शिवतात म्हणजे.

"मार्क कुठले लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"वाढलेले."

"हां," त्या म्हणाल्या. "तेच लिहा."